बातमीतला कर्ता कुठे गेला? सरकारी हिंसा, माध्यमं आणि स्त्रीवादी वाचन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अकरा वर्षं एका मराठी दैनिकात उपसंपादक होते, त्यातली बरीचशी रात्रपाळीत. नोकरी सोडल्यावर पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांपुढे, वाचक मंडळांत, एकदा तर एका सोसायटीच्या हळदीकुंकवातही या विषयावर बोलले. प्रश्न बहुतेक ठिकाणी तेच येतात. कुणी कुतूहलाने विचारतं, कुणी तावातावाने. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न आणि माझी उत्तरं इथे लिहून ठेवते आहे.

‘सरकारी हिंसा’ म्हणजे नेमकं काय? सरकार कुणाला मारतं का?

सरकार मारत नाही, सरकारचा गणवेश घातलेला माणूस मारतो. कोठडीतली मारहाण, पोलीस ठाण्यातला बलात्कार, मोर्चावरचा लाठीमार, गोळीबार, ठरवून केलेली ‘चकमक’ हे सगळं यात आलं. फाशीसुद्धा आली, ती कायद्याने दिलेली असली तरी. साध्या गुन्ह्यात आणि यात एक मोठा फरक आहे. शेजाऱ्याने मारलं तर तुम्ही ठाण्यात जाता. ठाण्यातच मार बसला तर तक्रार घेणारा, पंचनामा करणारा आणि पत्रकारांना माहिती देणारा एकाच कार्यालयातला असतो. बातमीचा उगमच आरोपीच्या हातात असतो. माध्यमांबद्दलचे पुढचे सगळे प्रश्न तिथूनच सुरू होतात.

मार तर पुरुषांनाही बसतो, किंबहुना जास्त बसतो. मग यात स्त्रीवाद कशाला?

बसतोच. गोळीबारात आणि कोठडीत मरणारे बहुतांश पुरुषच असतात, हे कुठलीही स्त्रीवादी नाकारत नाही. पण बाई कुठेच नसते तेव्हाही बातमीला बाई लागते. मेलेल्या मुलाची आई लागते, तीही रडणारी. परभणीत डिसेंबर 2024 मध्ये कायद्याचा अभ्यास करणारा एक दलित तरुण न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. त्याच्या आईचा पदराने डोळे पुसतानाचा फोटो सगळीकडे दिसला. त्याच बाई पुढे उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात याचिकाकर्त्या म्हणून उभ्या राहिल्या आणि जुलै 2025 मध्ये न्यायालयाने पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवायचा आदेश दिला. रडणारी आई पहिल्या पानावर येते आणि याचिका करणारी आई बातमीच्या चौथ्या परिच्छेदात ‘मृताच्या आईने’ एवढ्यावर भागते. तिने काय मागितलं, कुठल्या कागदावर बोट ठेवलं, हे वाचायला मिळत नाही.

म्हणजे स्त्रीवादी वाचन फक्त ‘बायकांवरच्या अत्याचारा’चं नसतं. दुःख कुणाच्या वाट्याला टाकलं, कर्तेपण कुणाच्या आणि संशय कुणाच्या, ही वाटणी ते तपासतं.

‘मथुरा प्रकरण’ सारखं सारखं येतं. ते काय होतं?

मथुरा हे इथे गाव नाही, एका मुलीचं नाव आहे. 26 मार्च 1972 ची रात्र. ठिकाण देसाईगंज, म्हणजे रेल्वेच्या पाटीवरचं वडसा. तेव्हा ते चंद्रपूर जिल्ह्यात होतं. गडचिरोली जिल्हा व्हायला अजून दहा वर्षं होती. चौदा ते सोळा वर्षांची, आईवडील नसलेली, मजुरी करणारी एक आदिवासी मुलगी ठाण्यात आली, कारण तिच्या भावानेच तक्रार दिली होती: तिला पळवून नेलंय म्हणून. सगळ्यांचे जबाब झाले. रात्री साडेदहाच्या सुमारास बाकीच्यांना जायला सांगितलं आणि तिला थांबवून घेतलं. ठाण्यातल्या एका शिपायाने तिच्यावर बलात्कार केला, हेड कॉन्स्टेबलने तिच्याशी लगट केली, अशी तिची फिर्याद.

बाहेर थांबलेल्या माणसांनी जे पाहिलं ते निकालपत्रात नोंदलेलं आहे: ठाण्यातले दिवे बंद, दार आतून लावलेलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिथेच अडकले. रात्री पोलीस ठाण्याचे दिवे बंद! गावात वीज गेली तरी जिथे कंदील लावतात ती ही जागा. एवढ्या एका तपशिलावर आठवडाभर बातम्या चालायला हव्या होत्या. दिवा कुणी मालवला? त्या रात्री ठाणे अंमलदार कोण होता? मुलीला थांबवून घेतल्याची नोंद होती का?

पण न्यायालयात आणि पुढे चर्चेत प्रकाश पडला तो तिच्या शरीरावर. 1974 मध्ये चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने दोघांना सोडलं आणि तिला ‘धक्कादायक खोटारडी’ ठरवलं. तिला शरीरसंबंधांची सवय होती, असंही लिहिलं. 1976 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने निकाल फिरवला: निमूट शरण जाणं म्हणजे संमती नव्हे. शिपायाला पाच वर्षं, हेड कॉन्स्टेबलला एक वर्ष. सप्टेंबर 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही पुन्हा निर्दोष सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केल्याची हकीकत विश्वासार्ह नाही, सबब जे झालं ते ‘शांतपणे’ झालं.

ठाण्यात, अंधारात, दोन पोलिसांसमोर पंधरा वर्षांच्या पोरीने अंगावर जखमा कमावल्या असत्या तर तिचं खरं मानलं असतं, असा याचा अर्थ निघतो. मला तरी दुसरा काढता आलेला नाही.

यात माध्यमांचा काय दोष? निकाल तर न्यायालयाने दिला.

निकाल लागला तेव्हा फारशी खळबळच उडाली नाही. वर्षभराने, सप्टेंबर 1979 मध्ये, कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं: उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार. ते पत्र छापून आलं, हातोहात फिरलं. 1980 मध्ये मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला, 8 मार्चला अनेक शहरांत मोर्चे निघाले. तोवर कोपऱ्यात पडून राहिलेला निकाल मग सगळ्यांनाच दिसला.

त्याआधी वर्षभर तो का दिसला नाही? निकालाची बातमी करणारा माणूस कोर्टाच्या वऱ्हांड्यातून निकालाचा शेवट घेऊन येतो: ‘दोघे निर्दोष’. सव्वाशे शब्द, सिंगल कॉलम. मीही अशा कितीतरी बातम्या लावल्या आहेत. निकालपत्राच्या मधल्या पानांवर दिवे बंद असल्याचं लिहिलेलं असतं, ती पानं कुणी उलटत नाही. प्राध्यापकांनी नवा पुरावा काही आणला नव्हता. त्यांनी तेच निकालपत्र वाचलं आणि विचारलं, की ठाण्यात थांबवून घेतलेल्या गरीब मुलीच्या गप्प राहण्याला तुम्ही संमती कसं म्हणता?

या रेट्यातून 1983 चा कायदा आला. कोठडीतल्या बलात्काराला किमान दहा वर्षांची शिक्षा ठरली. अशा खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि बाई म्हणाली की माझी संमती नव्हती, तर न्यायालयाने ते गृहीत धरायचं, अशी तरतूद झाली. खटला बंद दाराआड चालवायचा, तिचं नाव छापायचं नाही. या शेवटच्या भागाबद्दल चळवळीत तेव्हाही कुरबुर होती, कारण बंद दारामागे बाईबरोबर पोलीसही झाकले जातात.

मग तुम्ही तिचं नाव का घेता?

हा प्रश्न एका विद्यार्थिनीने विचारला होता आणि मला घाम फुटला होता. जिच्यामुळे नाव न छापण्याचा कायदा झाला तिचंच नाव प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. ती प्रकरणाची ओळख बनून गेली आहे, म्हणून मी ‘मथुरा प्रकरण’ एवढंच म्हणते, प्रकरणाच्या नावापुरतं. तिच्या पुढच्या आयुष्याबद्दल बोलत नाही. नंतरच्या वर्षांत अनेक पत्रकार तिला शोधत गावात गेले. तिच्या घराचे, दारिद्र्याचे, सुरकुत्यांचे फोटो काढून आणले. त्या दोन पोलिसांच्या घरी कोण गेलं? त्यांची नोकरी पुढे कशी झाली, बढती मिळाली का, निवृत्तिवेतन किती, यावर ‘पन्नास वर्षांनंतर’ अशी पुरवणी निघालेली माझ्या पाहण्यात नाही.

‘सौम्य लाठीमार’ हा शब्दप्रयोग तुम्हाला का खटकतो?

कारण एका बाईने मला त्याचा अर्थ विचारला होता. तालुक्याच्या गावी पाण्यासाठी मोर्चा निघाला होता, पांगवापांगव झाली. आमच्याकडे पोलिसांचं निवेदन आलं, त्यात ‘जमाव हिंसक झाल्याने सौम्य लाठीमार करावा लागला’ असं होतं. मी ते जसंच्या तसं लावलं. रात्रीचे साडेबारा, पान सोडायची घाई. दुसऱ्या दिवशी दुपारी कार्यालयात फोन आला. ‘बाई, तुम्हीच छापता का पेपर? सौम्य म्हंजी किती वो? माझा हात मोडलाय.’ मी काहीतरी पुटपुटले. तिने माझं ऐकून घेतलं आणि ‘बरं’ म्हणून फोन ठेवला. त्या ‘बरं’ने मला पुढची बरीच वर्षं छळलं.

त्या वाक्याचं व्याकरण पाहा. ‘लाठीमार करावा लागला.’ कुणाला? कुणी आदेश दिला? पत्ता नाही. जमावाला मात्र क्रियापद थेट लागलं: जमाव हिंसक झाला. मराठीत ही सोय फार मोठी आहे. ‘बळाचा वापर करण्यात आला’, ‘गोळीबार झाला’, ‘आंदोलनाला गालबोट लागलं’. पाऊस झाला, गारपीट झाली, तसा गोळीबार झाला.

सर्वांत मोठं उदाहरण नागपूरचं. 23 नोव्हेंबर 1994 ला विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनावर गोवारी समाजाचा मोर्चा आला होता, अनुसूचित जमातीच्या सवलतींसाठी. मॉरिस कॉलेज टी-पॉइंटजवळ पोलिसांनी लाठीमार केला, कठड्यांमध्ये अडकलेले लोक एकमेकांच्या अंगावर पडले आणि 114 माणसं गेली. बहुतेक बायका आणि मुलं. आज कुठल्याही संदर्भात हे ‘गोवारी चेंगराचेंगरी’ या नावाने आहे. चेंगराचेंगरी जत्रेत होते, कुंभमेळ्यात होते. त्या शब्दात काठी कुठेच नाही. बायका का जास्त गेल्या, हेही त्या शब्दातून कळत नाही: कडेवर पोर, हाताशी दुसरं, नऊवारीचा घोळ, आणि पळायला जागा नाही. ‘बायकामुलांसह’ या एका शब्दात आपण त्यांना आटोपतो. सीताबर्डीवरच्या उड्डाणपुलाला आता गोवारी शहिदांचं नाव आहे. शहीद म्हटलं की मारणाराही कुणीतरी असतो, निदान एवढं तरी त्या पाटीने केलं.

‘अब्रू’, ‘विनयभंग’, ‘अतिप्रसंग’ या शब्दांचं काय करायचं?

‘अब्रू लुटली’ बंद करायचं, ते कधीच बंद व्हायला हवं होतं. लुटलेली वस्तू बाईची नसतेच त्यात, तिच्या घरादाराची असते. ‘अतिप्रसंग’ तर मला विनोदीच वाटतो. प्रसंग ठीक होता, जरा अति झाला, असा. ‘विनयभंग’ कायद्याच्या मराठीतला शब्द आहे, त्यामुळे कलमाचं नाव म्हणून येणारच. पण बातमीत पोलिसाने काय केलं ते साध्या शब्दांत लिहावं: छातीला हात लावला, साडी ओढली, केस धरून फरफटत नेलं. वाचकाला अवघडल्यासारखं झालं तर होऊ दे.

‘पीडिता’ म्हणावं की आणखी काही, यावर तासन्‌तास वाद होतात. मी ‘फिर्यादी महिला’ किंवा नुसतं ‘ती’ पसंत करते. फिर्याद देणं ही तिने केलेली कृती आहे.

हे सगळं पाश्चात्त्य खूळ नाही का?

तसं म्हणणाऱ्यांना मी बुलढाण्याला पाठवते. 1881 मध्ये सुरत भागातल्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला, नवजात बाळाला मारल्याबद्दल न्यायालयाने फाशी सुनावली. नंतर ती शिक्षा कमी झाली. ‘पुणे वैभव’ या वृत्तपत्राने या निमित्ताने एकूणच बायकांच्या, विशेषतः विधवांच्या, चालचलनावर तोंडसुख घेतलं. ते वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे पेटल्या आणि 1882 मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ छापून आलं. ताराबाईंचा सवाल सरळ होता. विधवेला पुनर्विवाह करू द्यायचा नाही, तिला फसवणारा पुरुष मोकळा, आणि बाळ झालं की दोर तिच्या गळ्यात. वर पेपरवाले बायकांनाच दुर्गुणी ठरवणार! जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’ या आपल्या पुस्तिकेतून त्यांची पाठराखण केली.

म्हणजे सरकारने दिलेली शिक्षा, त्यावरचं वृत्तपत्री लिखाण आणि त्या लिखाणाची बाईने केलेली चिरफाड, हे तिन्ही मराठीत एकशे चाळीस वर्षांपूर्वी एका जागी आलेलं आहे. पुस्तक पातळ आहे, दोन बैठकींत संपतं. भाषा इतकी कडक, की आजचा संपादक अर्धी वाक्यं उडवेल.

छायाचित्रांबद्दल स्त्रीवादी इतक्या संवेदनशील का? पुरावा तर दिसायलाच हवा.

दोन छायाचित्रं शेजारी ठेवून सांगते.

जुलै 2004, मणिपूरमधलं इंफाळ. आसाम रायफल्स या निमलष्करी दलाच्या जवानांनी एका तरुणीला रात्री घरातून उचललं आणि सकाळी तिचा गोळ्या लागलेला मृतदेह सापडला. 15 जुलैला बारा वयस्क बायका कांगला किल्ल्याच्या दारापुढे गेल्या. तिथे तेव्हा आसाम रायफल्सचा तळ होता. त्यांनी अंगावरचे कपडे उतरवले आणि भारतीय लष्कराने आमच्यावर बलात्कार करावा, असं लिहिलेला फलक समोर धरला. वृत्तपत्रांपुढे मोठा पेच पडला. कुणी फोटो धूसर करून छापला, कुणी फलकाआडचा तेवढा भाग घेतला. अनेक बातम्यांत ‘नग्न निदर्शन’ हाच मथळा झाला आणि बायका कशासाठी आल्या होत्या ते खाली गेलं. पण त्या बायकांनी कॅमेऱ्याला स्वतः बोलावलं होतं. आपल्या देहाकडे कुणी, कधी, काय म्हणून पाहायचं हे त्यांनी ठरवलं होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आसाम रायफल्सने कांगला रिकामा केला.

जून 2010, पश्चिम मेदिनीपूर. चकमकीत मारल्या गेलेल्या एका माओवादी तरुणीचा मृतदेह हातपाय बांबूला बांधून, लटकवून नेतानाचा फोटो देशभर छापून आला. शिकारीत रानडुक्कर आणतात तसा. इथे तिचा देह ही ट्रॉफी होती आणि फोटो काढू दिला गेला होता, लपूनछपून काढलेला नव्हता. तरीही मी म्हणेन, तो छापला ते बरं झालं, कारण त्यावर गदारोळ झाला आणि मृतदेह असे न्यायचे नसतात हे सरकारला ऐकून घ्यावं लागलं. माझ्या काही मैत्रिणींना हे पटत नाही. त्या म्हणतात, तिचा चेहरा झाकूनही बांबू दाखवता आला असता. त्यांचंही खरं आहे, मी अजून नक्की ठरवू शकलेले नाही.

आपल्याकडे गडचिरोलीत चकमकीनंतर येणारी ‘जहाल महिला नक्षलवादी ठार, इतक्या लाखांचं इनाम होतं’ अशी बातमी नीट वाचा. ती मेली कशी, यापेक्षा इनामाचा आकडा आधी येतो.

बलात्काऱ्यांना एन्काउंटरमध्ये उडवलं तर बायकांनी आनंद मानायला हवा. तुम्ही विरोध का करता?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि विचारणाऱ्या बहुतेक बायकाच असतात. त्यांचा राग मी खोटा मानत नाही.

6 डिसेंबर 2019 ला हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनातले चार आरोपी पहाटे पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. पोलिसांवर फुलांच्या पाकळ्या उधळल्या गेल्या, त्या वाहिन्यांनी दिवसभर दाखवल्या. स्त्री संघटनांनी त्याच दिवशी सांगितलं, आमच्या नावाने हे करू नका. त्यांना स्टुडिओत बोलावून ओरडा केला गेला. मग सर्वोच्च न्यायालयाने आयोग नेमला, अध्यक्ष आपल्या नागपूरचे निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर. 2022 मध्ये आयोगाचा अहवाल बाहेर आला: पोलिसांनी जाणूनबुजून, जीव घेण्याच्या हेतूने गोळ्या झाडल्या, पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा. त्या दिवशी पाकळ्यांएवढा वेळ कुठल्या वाहिनीने दिला?

मग बदलापूर. ऑगस्ट 2024 मध्ये शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराने लोक रेल्वे रुळांवर उतरले. मूळ तक्रार अशी होती, की पोलिसांनी गुन्हा नोंदवायलाच वेळ लावला, पालकांना तासन्‌तास बसवून ठेवलं. 23 सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला आणि मुंबईत फलक झळकले: ‘बदला पुरा’. गावाच्या नावावरची कोटी, आणि नेत्याच्या हातात पिस्तूल. ही कोटी ज्याला सुचली त्याला शाबासकीही मिळाली असेल. पुढे दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालात पाच पोलिसांना जबाबदार धरलं गेलं. पण फलकाने एक काम करून टाकलं होतं. गुन्हा नोंदवायला उशीर का झाला, हा आयांचा प्रश्न संपला. खटला नाही, साक्षी नाहीत, शाळेने काय लपवलं ते न्यायालयात उलगडणं नाही.

देसाईगंजच्या ठाण्यात जे अनियंत्रित बळ होतं तेच इथे आहे, फक्त या वेळी ते ‘आपल्या बाजूने’ वापरलं गेलं असं सांगितलं गेलं. पोलिसाला विनाचौकशी गोळी झाडायची मुभा दिली तर ठाण्याचे दिवे मालवायची मुभाही त्यातच येते.

‘लेडी सिंघम’ म्हणण्यात काय वाईट? महिला अधिकाऱ्याचं कौतुकच आहे ते.

कौतुक तिच्या कामाचं हवं, कानाखाली मारण्याचं नको. तपास नीट केला, दोषारोपपत्र वेळेत गेलं, साक्षीदार फुटू दिले नाहीत, यावर मथळा होत नाही. भर रस्त्यात कुणाला तुडवलं की होतो. वर तिचा गॉगल आणि बुलेट. बाईला बढती मिळाली तरी मापं सिनेमातल्या पुरुषाचीच.

जातीचा मुद्दा वेगळा ठेवता येणार नाही का?

नाही. ठाण्यात कुणाला रात्री थांबवून घ्यायचं आणि कुणाला ‘ताई, तुम्ही उद्या या’ म्हणायचं, हे जात आणि कपडे पाहून ठरतं. घाटकोपरच्या रमाबाई नगरात 11 जुलै 1997 ला, डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दहा जण मेले. गॅसचे टँकर पेटवले जाणार होते म्हणून गोळीबार करावा लागला, हे पोलिसांचं म्हणणं बराच काळ बातम्यांचा कणा होतं. गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला सत्र न्यायालयाने दोषी ठरवलं ते 2009 मध्ये. मधली बारा वर्षं वस्तीतल्या बायका प्रत्येक 11 जुलैला जमत राहिल्या. त्यांच्याकडे क्रम तोंडपाठ होता, कोण कुठे उभा होता, गोळी कुठल्या गल्लीत आली. वार्ताहराने वहीत उतरवून घेतलं असतं तर तो पुरावा होता. त्याला ‘आक्रोश’ म्हटलं की तो फोटोची ओळ होतो.

जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत 1 सप्टेंबर 2023 ला मराठा आरक्षण आंदोलकांवर झालेल्या लाठीमाराच्या वेळी वेगळंच पाहिलं. एका बाजूने जखमी आंदोलक बायकांचे फोटो, काही दिवसांनी दुसऱ्या बाजूने जखमी महिला पोलिसांचे दाखले. दोन्हीकडे बायकांच्या जखमा ढालीसारख्या पुढे, आणि मागून बोलणारे सगळे पुरुष.

तुम्ही पोलिसांच्या विरोधात आहात का? नक्षलवाद्यांच्या हिंसेबद्दल का बोलत नाही?

माझा मामा हवालदार होता. बारा बारा तासांचा बंदोबस्त, पायाच्या नसा फुगलेल्या, आणि साहेबाच्या घरची भाजी आणायची. त्याच्याबद्दल मला मायाच आहे. नक्षलवाद्यांनी मारलेल्या आदिवासींबद्दल जरूर लिहावं, लिहिलंही जातं. पण नक्षलवादी माझ्या करातून पगार घेत नाहीत, आणि त्यांचं पत्रक माझ्या पेपरात ‘सूत्रांनी सांगितलं’ म्हणून शब्दशः छापलं जात नाही.

नाव आणि ओळख छापण्याबद्दल कायदा काय म्हणतो?

बलात्काराच्या प्रकरणात तिची ओळख उघड करणं गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचं 228-अ, आता भारतीय न्याय संहितेचं कलम 72. ओळख म्हणजे केवळ नाव नाही. गावाचं नाव, वडिलांचं दुकान, शाळेचा गणवेश, घराचं दार, यातूनही ती कळते. लहान मुलांसाठी ‘पोक्सो’चे नियम आणखी कडक आहेत. आरोपी पोलिसाला असं संरक्षण नाही, तरी त्याचं नाव ‘संबंधित कर्मचारी’ असं छापलं जातं. हे कुठल्या कायद्यात आहे ते मी अजून शोधते आहे.

माझ्याकडे पोलिसांच्या मारहाणीचा व्हिडिओ आलाय. पुढे पाठवू का?

घाई नको. मावळात ऑगस्ट 2011 मध्ये पवना जलवाहिनीविरोधी आंदोलनावर गोळीबार झाला, एका बाईसह तिघे गेले. वाहिन्यांच्या चित्रीकरणात गोळ्या झाडणारे पोलीस दिसले म्हणून नंतर ‘गोळीबार झाला’वर भागवता आलं नाही. तेव्हा व्हिडिओची किंमत मोठी आहे, पण ती मूळ फाइलची. तुम्ही स्वतः काढला असेल तर फोनमधला मूळ व्हिडिओ पुसू नका, कापू नका, त्यावर गाणं किंवा बाण टाकू नका. एक प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवा. तारीख, वेळ, कुठे उभ्या होतात, हे कागदावर लिहा. व्हॉट्सॲपवरून साधा पाठवला की त्याची स्पष्टता घटते, नेमप्लेटवरचं नाव वाचता येत नाही; वकिलाला द्यायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

त्यात मार खाणारी बाई ओळखू येत असेल, तिचे कपडे फाटलेले असतील, तर आधी तिला विचारा. ती सापडत नसेल तर गटावर टाकू नका. तिच्या वकिलापर्यंत, मानवी हक्क आयोगापर्यंत, किंवा एखाद्या भरवशाच्या वार्ताहरापर्यंत पोचवा. आणि वार्ताहराला फोन कराल तेव्हा काठी कुणाच्या हातात होती हे आधी सांगा. तो घाईत असतो, पहिली दोन वाक्यंच लिहून घेतो.